भूतानचे चौथे राजे : विकास, धर्म आणि शेजार

प्रश्न : ‘सकल राष्ट्रीय आनंद’, म्हणजे देशाची प्रगती केवळ उत्पन्नावर नव्हे तर लोकांच्या समाधानावरही मोजायची, या भूतानच्या चौथ्या राजांच्या कल्पनेचा प्रत्यक्ष कारभारात काही उपयोग झाला का?

उत्तर : झाला. हे राजे, जिग्मे सिंग्ये वांगचुक, 1972 मध्ये गादीवर आले तेव्हा ते 16 वर्षांचे होते. उत्पन्न वाढवायचे, पण जंगल आणि संस्कृती गमावून नव्हे, हा त्यांच्या धोरणाचा गाभा होता. 2008 च्या राज्यघटनेने किमान 60 टक्के भूमी कायम वनाखाली ठेवण्याचे बंधन घातले, त्यामुळे लाकूडतोडीच्या झटपट पैशावर देश उभा करण्याची वाट बंद झाली. पैसा आला नद्यांतून. भारताच्या अर्थसाहाय्याने उभ्या राहिलेल्या 336 मेगावॉटच्या चुखा जलविद्युत प्रकल्पाची वीज भारतालाच विकली जाते.

प्रश्न : राज्य आणि धर्म तिथे वेगळे आहेत का?

उत्तर : राजधानी थिंफूच्या ताशिछो जोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठात, गेलात तर उत्तर डोळ्यांनाच दिसते. एकाच वास्तूत शासकीय कचेऱ्या आहेत आणि मठही. खांद्यावर पांढरे उपरणे घेतलेला अधिकारी आणि लाल वस्त्रांतला भिक्षू एकाच आवारात वावरतात. राज्यघटना बौद्ध धर्माला आध्यात्मिक वारसा म्हणते, राजाला सर्व धर्मांचा रक्षक ठरवते आणि धर्मसंस्थांनी राजकारणापासून अलिप्त राहावे असे सांगते.

मात्र संस्कृतिरक्षणाची फार मोठी किंमत दक्षिणेतील नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांनी मोजली. 1985 चा नागरिकत्व कायदा, 1988 ची जनगणना, पोशाखाची सक्ती आणि शाळांतून नेपाळीची हकालपट्टी, यांपाठोपाठ एक लाखाच्या आसपास लोक नेपाळमधील छावण्यांत जाऊन पडले. या राजांबद्दल मला मनापासून आदर आहे, तरीही आनंदाच्या हिशेबात ही माणसे धरलीच गेली नाहीत, हे मला अक्षम्य वाटते.

प्रश्न : भूतान भारताच्या सांगण्यानुसारच चालतो का?

उत्तर : 1949 च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला घेण्याचे कलम होते, 2007 च्या सुधारित करारातून ते वगळले गेले. त्याआधी, डिसेंबर 2003 मध्ये, आसामातील बंडखोरांचे भूतानमधील तळ उठवण्याच्या मोहिमेत राजे स्वतः सैन्यासोबत उतरले होते. चीनशी भूतानचे आजही औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. 2017 मध्ये डोकलाममध्ये भारत आणि चीनचे सैन्य समोरासमोर आले, ते याच लहानशा शेजाऱ्याने दावा सांगितलेल्या पठारावर.