चित्रात वेग दिसत नाही

तू लिहिलंयस की बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, फिजिक्स मनापासून आवडतं आणि एम८२ दीर्घिकेतून उसळणारा लाल वायू चित्रात पाहिल्यापासून यातच संशोधन करायचं ठरवलंयस. पण स्वतःची दुर्बीण नाही, कोडिंग येत नाही आणि घरचे विचारतात, ‘पुढे नोकरीचं काय?’

दुर्बिणीची काळजी सोड. या विषयातल्या माणसांचा बहुतेक दिवस वर्णपटांपुढे, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती आहे हे दाखवणाऱ्या आलेखांपुढे जातो. सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या एम८२च्या मध्यभागी तारे इतक्या झपाट्याने जन्मतात, की मोठ्या ताऱ्यांचे झोत आणि सुपरनोव्हांचे स्फोट मिळून तिथला वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि तबकडीच्या वर-खाली शंकूच्या आकारात बाहेर पडतो. जाताना थंड वायू आणि धूळही ओढून नेतो. वेग मात्र चित्रात दिसत नाही. त्यासाठी वर्णपटातली हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा बघावी लागते; वायू आपल्याकडे येत असेल किंवा दूर जात असेल, तर ती सरकते. एम८२मधून बाहेर पडणाऱ्या वायूत ती बऱ्याच ठिकाणी दुहेरी होते. दोन शिखरांत साधारण ०.६६ नॅनोमीटरचं अंतर, म्हणजे वेगात सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटरचा फरक. (कागदावर करून बघ: अंतर भागिले तरंगलांबी, गुणिले प्रकाशाचा वेग.) एक शिखर शंकूच्या आपल्याकडच्या भिंतीचं, दुसरं पलीकडच्या. शंकू पोकळ आहे हे या दोन उंचवट्यांवरून उमगतं. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

तेव्हा निर्णय घेण्याआधी महिनाभर पायथन शिक. स्लोन या आकाश-सर्वेक्षणातले लाखो वर्णपट कुणालाही मोफत मिळतात. त्यातल्या एका दीर्घिकेचा वर्णपट उतरवून घे आणि हीच रेषा शोध. ती ६५६.३ वर सापडणार नाही. दीर्घिका आपल्यापासून दूर जातेय, त्यामुळे रेषा लाल बाजूला सरकलेली असेल. किती, ते काढ. यात दोन-चार रात्री गेल्या आणि तरीही उठावंसं वाटलं नाही, तर हा विषय तुझा आहे.

घरच्यांपासून काही लपवू नकोस. एमएस्सी, मग पीएचडीची पाचेक वर्षं, नंतर तात्पुरत्या फेलोशिप, आणि कायमच्या जागा थोड्या. रस्ता लांबच आहे. पण गोंगाटातून नेमकं मोजमाप काढायला शिकलेल्याला डेटा सायन्समध्येही काम मिळतं. शिवाय विषय अजून संपलेला नाही: बाहेर पडलेल्या वायूपैकी कायमचा किती निसटतो आणि पुन्हा तारे घडवायला किती परत येतो, याचा हिशोब अजून पुरता लागलेला नाही.

रेषा सापडली की आलेख पाठव. शेजारी तुझी आकडेमोड असू दे, चुकली असली तरी.