वाचकांचे प्रश्न : मेंदूला ‘दाबून’ ठेवणारे रसायन

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला फिट येतात. त्याचे औषध मेंदूतील चेतापेशींना दाबून ठेवणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते, असे डॉक्टरांनी सांगितले. मेंदूला दाबणे म्हणजे त्याची शक्ती कमी करणे नव्हे काय? आणि मुळात असे रसायन मेंदूत असतेच कशासाठी?

उत्तर : ‘दाबणे’ या शब्दाने आपली दिशाभूल केली आहे. यासाठी शास्त्रीय लेखनात ‘अवरोधन’ हा शब्द वापरतात. अवरोधन म्हणजे क्रियेचा अभाव नसून ती स्वतःच एक क्रिया आहे, आणि तिच्यासाठी वेगळ्या पेशी व वेगळी रसायने राखलेली आहेत. मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे त्याच्या बाहेरच्या थरात, साधारणपणे दर पाच चेतापेशींपैकी एक पेशी याच कामाला वाहिलेली असते.

आपण कोपर वाकवतो तेव्हा दंडाचा पुढचा स्नायू आखडतो, आणि त्याच वेळी मागचा स्नायू सैल पडावा लागतो. अन्यथा दोघे एकमेकांशी झुंजत राहतील आणि हात जागीच ताठरेल. मागच्या स्नायूला आखडवणाऱ्या पेशींना त्या क्षणी गप्प करण्याचे काम मेरुरज्जूतील अवरोधक पेशी करतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी या यंत्रणेचा बारकाईने अभ्यास केला होता, आणि १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाल्यावर व्याख्यानासाठी त्यांनी अवरोधन हाच विषय निवडला.

ही यंत्रणा बंद पडली तर काय होते, हे धनुर्वातात दिसते. त्या जंतूचे विष चेतातंतूंतून मेरुरज्जूपर्यंत पोहोचते आणि अवरोधक पेशींमधून ग्लायसिन व गाबा ही अवरोधन घडवणारी रसायने बाहेर पडूच देत नाही. मग परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आखडतात, जबडा मिटतो आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. रोगाला हे नाव देणाऱ्यांना गाबा ठाऊक नव्हते, पण त्यांचे निरीक्षण अचूक होते. कुचल्याच्या बियांतील स्ट्रिक्निन हे विष ग्लायसिन जिथे जाऊन बसते ती जागाच अडवते, म्हणून त्याची लक्षणेही बरीचशी अशीच असतात. दोन्ही ठिकाणी स्नायूंचे बळ वाढलेले दिसते, पण माणसाला साधा घोट गिळणेही कठीण होते.

आता आपल्या भावाच्या औषधाकडे वळू. गाबा मेंदूत असल्याचे १९५० साली आढळले आणि ते मेंदूतील प्रमुख अवरोधक रसायन असल्याचे पुढे सिद्ध झाले. ते समोरच्या पेशीवरील ग्राहीला, म्हणजे रसायन जिथे जाऊन बसते त्या जागेला, चिकटले की तिथले सूक्ष्म दार उघडते, ऋणभारित क्लोराइड आयन आत शिरतात आणि ती पेशी सहजासहजी उत्तेजित होत नाही. फिट येते तेव्हा असंख्य पेशी एकाच ठेक्यात, अनावरपणे संदेश सोडत असतात. डायझेपामच्या गटातील औषधे हे दार स्वतः उघडत नाहीत. गाबा आलेले असेल तरच ते अधिक वेळा उघडावे, एवढीच मदत करतात. म्हणजे अशा औषधाने मेंदूची स्वतःचीच यंत्रणा बळकट होते. अर्थात याची किंमत असते: झोप येणे, विचार मंदावणे असे त्रास होऊ शकतात, आणि ते होत असतील तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. मात्र औषध मनाने एकदम बंद करू नये, कारण मेंदू त्या मदतीला सरावलेला असतो आणि ती अचानक काढून घेतल्यास पूर्वीपेक्षा तीव्र झटके येऊ शकतात.

फिटचे प्रत्येक औषध गाबाच्या वाटेने जाते असेही नाही. काही औषधे पेशींचे सोडियमचे मार्ग रोखून संदेशांचा वेग आवरतात. ड्राव्हे सिंड्रोम या बालवयातील गंभीर आजारात मात्र नेमका असाच एक सोडियम मार्ग जन्मतः सदोष असतो, आणि त्याचा फटका प्रामुख्याने अवरोधक पेशींना बसतो. तिथे कार्बामाझेपिनसारखे औषध दिल्यास आधीच दुबळ्या असलेल्या अवरोधक पेशी आणखी दुबळ्या होऊन झटके वाढू शकतात. एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नये, ही ताकीद इथे शब्दशः लागू पडते.

प्रश्न : मग गाबाच्याच गोळ्या घेतल्या तर?

उत्तर : त्यांचा फिटवर उपयोग नाही. पोटातून रक्तात आलेले गाबा रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर फारसे ओलांडत नाही. मेंदू आपले गाबा स्वतःच तयार करतो, आणि तेही ग्लुटामेटपासून, म्हणजे पेशींना सर्वाधिक उत्तेजित करणाऱ्या रसायनापासून! या रूपांतरासाठी ‘ब-६’ जीवनसत्त्व लागते. म्हणूनच क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध अतिप्रमाणात घेतले गेले की शरीरातील ‘ब-६’चे कार्य खुंटते, गाबा कमी पडते आणि झटके येतात, आणि अशा रुग्णाला रुग्णालयात ‘ब-६’ची मोठी मात्रा शिरेतून दिली जाते.