पहिल्या प्रदर्शनाआधी एवढं कर

पाचवीच्या मुलांनी गटागटाने एकेक विषय शोधून मांडायचं प्रदर्शन यंदा तुझ्याकडे आलंय म्हणालीस, म्हणून लिहिते. संयुक्त राष्ट्रांची 17 शाश्वत विकास उद्दिष्टं (2015 मध्ये ठरलेली, 2030 पर्यंत गाठायची) तू भिंतीवर लावशीलच. लाव. पण त्यातून विषय निवडायला सांगू नकोस. सगळे गट 'प्रदूषण' घेतात आणि नेटवरचं तेच कासव चिकटवतात.

आधी मुलांना खाजनात, म्हणजे नदी-खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात ने. बांधावर उभं करून मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारं बसवलेली वाट दाखव. भरतीचं पाणी रेटू लागलं की त्याची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं पाणी नदीत जातं. माझ्या वर्गातली एक मुलगी बराच वेळ दाराकडे बघत होती. मग म्हणाली, "टीचर, समुद्रच वर चढला तर ओहोटीला तरी दार उघडेल?" झालं! हवामानबदल शिकवायची गरजच उरली नाही. तिच्या गटाने त्या एका प्रश्नावर पाच आठवडे काढले.

उत्तर लगेच देऊ नकोस. जीभ चावून गप्प बसायचं, हेच सगळ्यांत अवघड.

मुलाखतीला जाताना 'हो-नाही'त संपणारा प्रश्न नको. शेतकऱ्याला "पाणी खारट झालं का?" विचारलं तर तो मान हलवून मोकळा होतो. "खारट झालं ते कसं कळतं?" विचारलं की अर्धा तास बोलतो.

थर्माकोलची मॉडेलं मात्र सरळ बंद कर. पहिल्या वर्षी माझ्याकडे मुलांचं नाही, पालकांचं प्रदर्शन झालं होतं. आणि तारीख चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास धरू नकोस, कुणी सापडणार नाही.