खुंट्या, शंकू आणि सदऱ्याचं शेवटचं बटण

प्रश्न : मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रुग्णांना रोजची कामं पुन्हा स्वतः करायला मदत करणं हे माझं काम. पक्षाघाताचे रुग्ण खुंट्या भोकांत बसवणं, शंकू रचणं असे हाताचे व्यायाम उरकतात, बोलत नाहीत. काम यांत्रिक झालंय. काय बदलू?

उत्तर : आधी विचारा, कोणतं काम पुन्हा स्वतः करावंसं वाटतं? ते किती जमतं, त्यात किती समाधान आहे, याला रुग्णालाच १ ते १० गुण देऊ द्या. समजा, सदरा घालायचाय. दुबळा हात आधी बाहीत. काढताना तोच शेवटी. तो ओढू नका, खांद्याला इजा होते. सुरुवातीला बाकी सगळं तुम्ही करा, शेवटचं बटण त्यांच्यावर सोडा. मग शेवटची दोन. म्हणजे काम दरवेळी त्यांच्याच हातून पुरं होतं, आणि बोलणंही बहुधा तिथेच सुरू होतं. बटण अडलं की आपला हात लगेच पुढे जातो. तो आवरा, थोडं थांबा. काही आठवड्यांनी गुण पुन्हा घ्या. २ गुणांची वाढ मोठी समजा.