विट्यासाठी रडलात, आता मिरजेसाठी

पत्र : मी महसूल खात्यात कारकून आहे, वय 41. 2019 च्या जूनमध्ये विट्याहून मिरजेच्या तहसील कार्यालयात आले. एप्रिल लागला की आमच्याकडे बदल्यांच्या यादीशिवाय दुसरा विषय नसतो आणि दर वर्षी माझी झोप उडते. बदली होईल म्हणून मिरजेत राहून गाण्याचा क्लाससुद्धा लावला नाही. या मेमध्ये नाव लागलंच. जत! नवरा सांगलीत हळदीच्या अडत दुकानात आहे, मुलगा यंदा दहावीला. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड. ऑफिसातले म्हणतात, कुणाची तरी चिठ्ठी आण. बाकी सगळे म्हणतात, सकारात्मक राहा. मिरजेत आले तेव्हाही वर्षभर विट्याच्या आठवणीनं रडत होते, पण आता ते वय राहिलं नाही. कशी राहू सकारात्मक?

उत्तर : बाई, आधी ते ‘सकारात्मक राहा’ बाजूला ठेवा. ज्याची ऑर्डर निघालेली नसते, त्याला ते म्हणायला सोपं जातं. पोराची दहावी आणि हातात जतची ऑर्डर, वाईट वाटणारच. चार दिवस वाटू द्या.

पण तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. ओघात लिहून गेलात तुम्ही ते. ज्या मिरजेसाठी आज जीव तुटतोय, तिथं आलात तेव्हा विटा विटा करत होतात. हजर होऊन दोन महिने होतात न होतात तोच ऑगस्टात कृष्णेचा महापूर. महसूलात होतात म्हणजे अनोळखी गावांत चिखल तुडवत पंचनामे केलेच असतील. तेव्हा ‘हे माझं गाव’ असं थोडंच वाटलं असेल? मिरज आपली कधी झाली, ते तुम्हालाही सांगता यायचं नाही.

मी आरोग्य खात्यात नर्स होते. पलूसहून शिराळ्याला बदली झाली ती ऐन पावसाळ्यात. आठवडा आठवडा कपडे वाळायचे नाहीत. पहिल्याच रात्री खोलीवर बसून राजीनामा लिहिला. स्टोव्ह डगमगत होता, म्हणून सकाळी तो कागद चार घड्या करून त्याच्या पायाखाली घातला. शिराळा सोडलं तेव्हा तिथंच होता.

आता थोडं रागावते. 2005 चा बदल्यांचा कायदा तुमच्या खात्यातल्या माणसाला मी काय सांगायचा! तरी सांगते. एका पदावर साधारण तीन वर्षं आणि मंत्रालयाबाहेरच्या गट-क कर्मचाऱ्याला एका कार्यालयात अशा दोन मुदती, म्हणजे सहा वर्षं. मधेच हलवायचं तर कारण लेखी नोंदवावं लागतं, वरची मंजुरी लागते. अपवाद होतात, नाही म्हणत नाही. पण तुमचा हिशेब बघा. सहा वर्षांचे एप्रिल जागून काढलेत, त्यातला खरा धोक्याचा एकच. उरलेले पाच फुकट गेले. आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेत, जिथं गल्लीत तंबोरे घडतात, तिथं सहा वर्षं राहून तुमचं गाणं राहिलं! मला विचाराल तर जतनं तुमचं अजून काही बिघडवलेलं नाही, जे काय बिघडवलं ते त्या यादीच्या वाट बघण्यानं. जतला पण अर्धी बॅग भरूनच राहणार असाल, तर पुन्हा तेच होईल.

चिठ्ठीच्या फंदात पडू नका. नोकरीच्या कामासाठी बाहेरून दबाव आणायला 1979 च्या वर्तणूक नियमांत मनाई आहे, आणि उपकाराची परतफेड मागायला लोक बरोबर येतात. मुलाच्या दहावीचं कारण घालून रीतसर विनंती अर्ज द्या. मिळालं तर मिळालं. नोकरी मात्र सोडू नका. मे महिन्यातल्या रागावर तर नाहीच.

रोज जाऊन-येऊन करायचा विचार असेल तर एकदा मोजून बघा. मिरज ते जत 80 किलोमीटरच्या आसपास, ऑफिस 9.45 चं. ‘जत रोड’ नावाचं स्टेशन आहे म्हणून भुलू नका, गाव तिथून बरंच लांब आहे. शनिवार-रविवार सुट्टी असते, तेव्हा जतला खोली घ्या आणि शुक्रवारी संध्याकाळची गाडी धरा. पाच दिवस आईच्या हातची भाजी मिळाली नाही म्हणून दहावीचे मार्क जात नाहीत. रोज रात्री प्रवासानं मोडून आलेली, खेकसणारी आई समोर असली तर मात्र जातात. रिलीव्ह व्हायच्या आधी एलपीसी, म्हणजे शेवटच्या पगाराचा दाखला, आणि सेवापुस्तकाच्या मागे लागा, नाहीतर पहिला पगार लटकेल.

आणि एक विचारायचं राहिलं. सासूबाई काय म्हणतात, ऑफिस काय म्हणतं, सगळं लिहिलंत. नवरा मात्र हळदीच्या दुकानात आहे एवढंच. त्याचं म्हणणं काय? पाच दिवस पोराचा डबा आणि सासूबाईंची औषधं कोण बघणार, हे यजमानांशी बसून ठरवा. पत्र वाचताना मला वाटलं, तुमच्या रडण्यात जत थोडं आणि हे बोलणं टाळणं जास्त आहे. चुकत असेन तर कळवा.

जतवर प्रेम करा असं मी म्हणणार नाही. महापुराचे पंचनामे केलेल्या बाईला तिथं टंचाईच्या फायली बघाव्या लागतील, हात बसायला वेळ लागेल. तुमच्याच मिरज तालुक्यातल्या म्हैसाळहून कृष्णेचं पाणी उपसून टप्प्याटप्प्यानं तिकडं चढवतात, त्या पाण्याची वाट बघणारी माणसं तुमच्या टेबलासमोर उभी राहतील. पूर्वेकडच्या गावांतली बरीचशी कानडी बोलणारी असतात, तेव्हा थोडं कानडी शिकून घ्या. मार्गशीर्षात यल्लम्माची यात्रा भरते, तेव्हा पोराला आणि यजमानांना बोलवा. गाण्याचा क्लास मात्र पहिल्याच महिन्यात शोधा.

खोली ठरवताना नळाला किती दिवसांनी पाणी येतं, ते मालकिणीला आधी विचारा. कानडीत पाण्याला ‘नीरु’ म्हणतात. तिच्या भाषेत विचारलंत तर खरं सांगेल.