‘रिप ऑफ’ म्हणजे फाडणं नव्हे, गंडवणं

भाऊ, पुण्यात शिकणाऱ्या पुतण्यानं जुनी गाडी घेतली आणि तुम्हाला ‘आय गॉट रिप्ड ऑफ’ असं लिहिलं. डिक्शनरीत ‘रिप’ म्हणजे फाडणे निघालं, म्हणून तुम्ही कोड्यात पडलात. पोराचं काही फाटलं नाही. गाडीच्या सौद्यात त्याला कोणीतरी गंडवलं. आपल्या वऱ्हाडीत, ‘मले चुना लावला ना बाप्पा!’

यात मेख अशी की पैसे आपणच आपल्या हातानं मोजून दिलेले असतात. खेडा खरेदीवाला दारात येतो, कापसाला चढा भाव सांगतो आणि काट्यात मारतो. चहा पिऊन जातोही. क्विंटलमागं किती किलो गेला, ते आपल्याला मागाहून समजतं. हेच इंग्रजीत ‘द ट्रेडर रिप्ड अस ऑफ’. रात्रीतून गोठ्यातला बैल सोडून नेला तर सरळ ‘स्टोल’ म्हणा. तसा अमेरिकेत चोरीलाही हा शब्द चालतो. 1960 च्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून तो चोरी-लुटीच्या अर्थानंच वर आला. पण आज तुमच्या कानावर बहुतेक वेळा फसवणूकच येईल.

मालात खोट नसली, नुसता भाव अवाच्या सवा लावला, तरी हाच शब्द. नागपूर स्टेशनबाहेर ऑटोवाल्यानं दुप्पट पैसे घेतले, तर ‘दॅट वॉज अ रिप-ऑफ’. इथं ते नाम झालं, मधे छोटी आडवी रेघ येते. दुसऱ्याच्या गाण्याची चाल उचलून आपली म्हणून खपवली, तर तेही रिप-ऑफच.

पोरं चुकतात ती इंग्रजीतलं ‘मी’, ‘हिम’, ‘अस’ कुठं ठेवायचं यात. ते मधेच बसवा: ‘ही रिप्ड मी ऑफ’. ‘रिप्ड ऑफ मी’ चालत नाही. नाम असलं तर मोकळीक आहे, ‘रिप्ड द फार्मर्स ऑफ’ म्हणा की ‘रिप्ड ऑफ द फार्मर्स’. स्पेलिंगात ‘रिप्ड’ला दोन पी आणि ‘ऑफ’ला दोन एफ. एकच एफ घातला की तो वेगळाच शब्द होतो.

आणि हो, ही पारावरची भाषा आहे, अर्जातली नाही. वजनकाट्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडं करायची तर ‘चीटेड’, भाव जादा लावला असेल तर ‘ओव्हरचार्ज्ड’ लिहा. तसं ती तक्रार मराठीत दिली तरी चालते, तिथं इंग्रजी कशाले पाजळता?