केस-कंट्रोल आणि कोहॉर्ट अभ्यासात नेमका फरक काय?

फरक दिशेचा. केस-कंट्रोलमध्ये आजार असलेले आणि नसलेले लोक घेऊन मागे, त्यांच्या सवयींकडे जायचं; कोहॉर्टमध्ये सवयी आधी नोंदवून पुढे कोणाला आजार होतो ते बघायचं.

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध तपासणारे ब्रिटिश संशोधक डॉल आणि हिल यांनी दोन्ही केलं. १९५० साली छापलेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि तेवढेच इतर रुग्ण होते. दोन्हीकडे पुरुष ६४९. त्यांत धूम्रपान न करणारे कर्करोगाच्या गटात फक्त २, दुसऱ्यात २७! पण आजारी माणसाच्या आठवणीवर कितपत विसंबायचं? म्हणून १९५१ मध्ये सुमारे ४०,००० ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी आधीच लिहून घेतल्या. पुरुष डॉक्टरांच्या मृत्यूंची नोंद पुढे ५० वर्षं चालली.

तुमचा आजार दुर्मीळ आणि प्रबंधाची मुदत दोन वर्षं असेल, तर मुकाट्याने केस-कंट्रोल घ्या. फक्त त्यातून आजाराचा दर थेट निघत नाही, ऑड्स रेशोवर (सवय असलेले भागिले नसलेले, हे प्रमाण आजारी गटात दुसऱ्या गटाच्या किती पट) भागवावं लागतं.